सांगण्याचे शब्द: घरातले, कचेरीतले, देवळातले

मराठीत 'मनोगत' हा एक फार सोयीचा शब्द आहे. मनात जे जे आले ते सगळे त्यात बसते, विचारही आणि भावनाही. अध्यक्षांचे मनोगत, संपादकांचे मनोगत, सत्काराला उत्तर देणाऱ्या आजोबांचे मनोगत. मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेचे इंग्रजी करायची वेळ आली की मात्र पंचाईत होते. मनोगताला नाम शोधावे तर एकही सापडत नाही आणि क्रियापद शोधावे तर दहा सापडतात. अध्यक्ष आपले विचार 'एक्स्प्रेस' करणार, 'व्हॉइस' करणार, 'स्टेट' करणार, 'आर्टिक्युलेट' करणार, 'शेअर' करणार, की नुसतेच चार शब्द 'से' करणार? शब्दकोश उघडावा तर प्रत्येकापुढे थोड्याफार फरकाने तेच लिहिलेले. आणि तरीही इथे अमेरिकेत वाढलेल्या कुठल्याही मुलाला विचारा, ह्यातला कोणता शब्द कुठे चालेल आणि कोणता कानाला खटकेल हे ते क्षणात सांगेल. का, ते मात्र त्याला सांगता येणार नाही.

ते 'का' इतिहासात दडलेले आहे. मी काही भाषातज्ज्ञ नाही. इंजिनिअरिंगमध्ये डॉक्टरेट केली आणि पोटापाण्यासाठी संगणकाचे प्रोग्रॅम लिहितो. पण एखादे यंत्र विचित्र वागू लागले की ते कोणी, कधी, कशासाठी बांधले हे आधी पाहावे, अशी आमच्या धंद्यातली रीत आहे. तीच रीत ह्या शब्दांना लावून पाहिली आणि हाती जे आले ते वाचकांपुढे ठेवतो आहे.

सुरुवात अर्थातच १०६६ सालापासून. त्या वर्षी नॉर्मंडीच्या विल्यमने हेस्टिंग्जची लढाई जिंकली आणि इंग्लंडच्या दरबारात फ्रेंच भाषा आली. तिने पुढची सुमारे तीनशे वर्षे तिथून पाय काढला नाही. सामान्य लोक घरात आणि शेतात आपली जुनी इंग्रजीच बोलत राहिले. 'से', 'टेल', 'स्पीक' हे त्या घरातले शब्द. 'टेल'चा जुना अर्थ सांगणे आणि मोजणे असा दुहेरी होता. बँकेत पैसे मोजणारा 'टेलर' अजून त्याची आठवण ठेवून आहे. 'डिक्लेअर', 'अनाउन्स', 'प्रोनाउन्स', 'प्रोक्लेम' हे दरबारातून आणि न्यायालयातून आलेले शब्द. ते उभे राहून, चारचौघांत, अधिकाराने उच्चारायचे. अजूनही शिक्षा 'प्रोनाउन्स' होते, वधूवर पतीपत्नी म्हणून 'प्रोनाउन्स' होतात आणि मृत्यूसुद्धा डॉक्टरांनी 'प्रोनाउन्स' करावा लागतो.

तिसरी भाषा लॅटिन. ती देवळाची आणि विद्वानांची. 'एक्स्प्रेस' म्हणजे मुळात दाबून, पिळून बाहेर काढणे. कॉफीच्या दुकानातली 'एस्प्रेसो' हे त्याचेच भावंड. 'आर्टिक्युलेट' हा शब्द सांध्यावरून आला. कारखान्यातल्या यंत्रमानवाच्या सांध्यासांध्यांच्या हाताला आम्ही 'आर्टिक्युलेटेड' म्हणतो तो ह्याच अर्थाने, आणि बोलण्यात 'आर्टिक्युलेट' तोच, ज्याच्या वाक्याचे सांधे सुटे सुटे दिसतात. एक शब्द चक्क बाजारातून आला आहे. 'अटर' म्हणजे पूर्वी माल विक्रीला बाहेर काढणे. खोटे नाणे किंवा खोटा चेक चालवण्याच्या गुन्ह्याला अमेरिकेतल्या काही राज्यांच्या कायद्यात आजही 'अटरिंग' म्हणतात.

आपल्याला हे नवीन वाटायचे कारण नाही. मराठीची घडण अशीच आहे. 'सांगणे, बोलणे, म्हणणे' हे आपले घरचे. 'अर्ज, फिर्याद, तक्रार, कबुली, जाहीर' हे फारसीच्या वाटेने आलेले कचेरीतले. 'निवेदन, कथन, व्यक्त, प्रकट' हे संस्कृतातले. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तो दरबारातल्या फारसी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द आणण्यासाठी. म्हणजे शब्द कोणत्या घराण्यातला हा प्रश्न आपल्याकडेही राज्यकारभाराचा होता. नवऱ्याने बायकोला 'मला भूक लागल्याचे निवेदन करतो' असे म्हटले तर वाढण्याआधी ती कपाळाला हात लावून ताप पाहील. अर्थ चुकलेला नसतो, घर चुकलेले असते.

इंग्लंडात हा घराचा प्रश्न किती टोकाला गेला ते पाहण्यासारखे आहे. १३६२ साली पार्लमेंटने एक कायदा केला. न्यायालयात फ्रेंच चालते, लोकांना ती कळत नाही, त्यामुळे आपल्या बाजूने किंवा विरुद्ध काय बोलले जाते आहे हेच त्यांना समजत नाही. तेव्हा ह्यापुढे वाद इंग्रजीत चालवावेत, नोंद मात्र लॅटिनमध्ये ठेवावी, असा त्याचा आशय. गंमत म्हणजे हा कायदाच फ्रेंचमध्ये लिहिलेला होता! कायद्याने भाषा बदलायला सांगितली तरी शब्द काही हलले नाहीत. 'प्ली', 'प्लेंटिफ', 'कंप्लेंट' हे सारे फ्रेंच शब्द कोर्टात तसेच राहिले. ह्यातल्या 'कंप्लेन'चे मूळ लॅटिनमध्ये ऊर बडवून शोक करणे असे आहे. कचेरीत शिरल्यावर त्याच ऊर बडवण्याची 'तक्रार' झाली. हा शब्द लक्षात ठेवावा, तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

ह्यानंतरचा प्रसंग अधिक गंभीर आहे. विल्यम टिंडल नावाच्या विद्वानाने बायबलचा नवा करार मूळ ग्रीकवरून इंग्रजीत आणला. इंग्लंडात परवानगी मिळेना म्हणून १५२६ साली तो जर्मनीतल्या वर्म्स येथे छापला. नांगरामागे चालणाऱ्या पोरालाही कळावे हा त्याचा आग्रह. त्यासाठी त्याने शब्द निवडले ते घरातले. आपले दोष एकमेकांजवळ बोलून दाखवावेत अशा अर्थाचे एक वाक्य जेम्सच्या पत्रात आहे. तिथे देवळात रुळलेला 'कन्फेस' हा शब्द न वापरता टिंडलने 'नॉलेज' हे त्या काळचे साधे क्रियापद घातले. आजच्या 'ॲक्नॉलेज'चे ते जुने रूप. वरवर पाहता फरक काहीच नाही. पण 'कन्फेस' म्हटले की समोर धर्मगुरू आला, त्याचा अधिकार आला, प्रायश्चित्त आले. 'नॉलेज' म्हटले की शेजाऱ्याजवळ मन मोकळे करणे एवढेच उरते.

थॉमस मोर हा त्या काळचा थोर पंडित आणि कायदेपंडित. त्याच्या हे तत्काळ लक्षात आले. १५२९ साली त्याने टिंडलविरुद्ध मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यात नेमके हेच शब्द पकडले: 'चर्च'च्या जागी 'कॉन्ग्रिगेशन', 'पेनन्स'च्या जागी 'रिपेंटन्स', 'कन्फेशन'च्या जागी 'नॉलेजिंग'. हे भाषांतर नव्हे, शब्दांच्या आडून धर्मसत्ता उखडण्याचा डाव आहे, असे त्याचे म्हणणे. दोघेही शब्दांना क्षुल्लक मानणारे नव्हते. ह्या भांडणात खरे तर दोघांचे एकमत होते: समानार्थी म्हणून शब्द बदलला की माणसांमधले नातेही बदलते.

दोघांचा शेवटही बोलण्याशीच बांधलेला आहे. १५३४ च्या राजद्रोहाच्या कायद्याने नुसते शब्द उच्चारणे हाही देहदंडाचा गुन्हा ठरवला. राजा आठवा हेन्री हा चर्चचा प्रमुख आहे की नाही, ह्यावर मोरने मौन धरले. मौन म्हणजे नकार नव्हे, उलट कायद्याच्या जुन्या वचनाप्रमाणे मौन म्हणजे संमती, असा बचाव त्याने केला. तो चालला नाही आणि १५३५ साली त्याचा शिरच्छेद झाला. पुढच्याच वर्षी ब्रसेल्सजवळ टिंडलला गळा आवळून मारले आणि त्याचे प्रेत जाळले. १६११ साली राजा जेम्सच्या आश्रयाखाली जे अधिकृत भाषांतर झाले त्याने टिंडलचे पुष्कळसे शब्द जसेच्या तसे घेतले, पण 'चर्च' आणि 'कन्फेस' ह्यांची मात्र पुन्हा स्थापना केली.

तोवर इंग्रजीत लॅटिन शब्दांचा पूर आला होता. शाईच्या दौतीतून निघालेले शब्द म्हणून त्यांची टिंगलही होत होती. १५५३ मध्ये टॉमस विल्सनने वक्तृत्वावरच्या पुस्तकात अशा भाषेची चांगलीच खिल्ली उडवली. पण टिंगलीने शब्द मागे फिरत नाहीत. मग ते समजावून सांगणारी पुस्तके निघाली. रॉबर्ट कॉड्रीचा १६०४ चा कोश हा इंग्रजीतला पहिला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश मानतात. त्यात सुमारे २५०० 'कठीण' शब्द होते आणि तो मुख्यतः स्त्रियांसाठी असल्याचे मुखपृष्ठावरच छापले होते, कारण त्यांना लॅटिन शाळेचे दार बंद होते. दोन जवळच्या शब्दांतला फरक सांगणारी पुस्तके आणखी पुढची. त्यांतले १७९४ चे एक प्रसिद्ध पुस्तक हेस्टर पिओझ्झी ह्या बाईंनी लिहिले. डॉक्टर जॉन्सनच्या त्या स्नेही. त्यांचे दुसरे यजमान इटालियन गायक होते. घरच्या बैठकीत, बोलता बोलता कोणता शब्द निवडावा हा पुस्तकाचा विषय, आणि परक्या देशातून आलेली माणसे त्यांच्या नजरेसमोर होती. म्हणजे आपल्यासारख्यांची अडचण ओळखणारे पुस्तक दोनशे वर्षांपूर्वीच निघाले होते!

आता आमच्या जातीचा माणूस. पीटर मार्क रॉजे हा पेशाने डॉक्टर, पण वृत्तीने इंजिनिअर. १८१५ साली रॉयल सोसायटीने त्याचा एक निबंध छापला, त्यात त्याने लॉग-लॉग स्लाइड रूलची रचना दिली. आमच्या आधीच्या पिढीतल्या इंजिनिअरांनी त्या पट्टीवर हिशेब करण्यात उमेदीची वर्षे घालवली. ह्याच रॉजेने १८०५ पासून स्वतःच्या सोयीसाठी शब्दांचे गट करून ठेवले होते. निवृत्तीनंतर, वयाच्या ७३ व्या वर्षी, १८५२ मध्ये ते 'थिसॉरस' म्हणून प्रसिद्ध झाले. १००० मथळे आणि सहा वर्ग. विचार आणि त्यांचे दळणवळण चौथ्या वर्गात, भावना सहाव्या वर्गात. शब्दांच्या जाती त्याने अशा लावल्या, पण जवळजवळच्या शब्दांतला फरक सांगण्याचे काम आपले नाही असे त्याने प्रस्तावनेतच स्पष्ट केले. वाचकाने ओळीवरून नजर फिरवावी आणि आपल्या कानाने निवड करावी.

मराठी वाचकाला इथे अमरकोशाची आठवण होणारच. ती रॉजेलाही झाली होती. कोलब्रुकने केलेली अमरकोशाची इंग्रजी आवृत्ती १८०८ मध्ये श्रीरामपूरला, म्हणजे बंगालमधल्या सेरामपूरला, छापली गेली होती. रॉजेने प्रस्तावनेच्या टिपेत तिचा उल्लेख केला आणि तिची मांडणी फारच अपुरी व गोंधळाची असल्याचा शेराही मारला. शेरा सोडून द्या. अमरसिंहाने बुद्धीचे शब्द धीवर्गात, वाणीचे शब्द शब्दादिवर्गात आणि भावनांचे शब्द नाट्यवर्गात घातले आहेत. विचार, वाणी आणि भावना वेगळ्या ठेवाव्यात हे दोघांनाही सुचले. पण अमरकोश पाठ करणाऱ्या मुलाच्या कानावर ती भाषा गुरुजींच्या तोंडून रोज पडत असे. रॉजेचे पुस्तक परक्याच्या हाती येते तेव्हा त्याच्याजवळ तो कानच नसतो.

फरक पक्का ठरवून टाकता येतो का? येतो, पण फक्त यंत्रासाठी. जानेवारी १९६० मध्ये पॅरिसला तेरा संगणकशास्त्रज्ञ जमले आणि त्यांनी 'अल्गॉल ६०' ही भाषा ठरवली. तिच्या अहवालात 'एक्स्प्रेशन', 'स्टेटमेंट' आणि 'डिक्लेरेशन' ह्यांची स्वतंत्र प्रकरणे आहेत. 'एक्स्प्रेशन'ची किंमत निघते, 'स्टेटमेंट'मुळे काही घडते, 'डिक्लेरेशन'ने एखाद्या नावाची ओळख करून दिली जाते. एकाच्या जागी दुसरा घातला की कंपायलर लगेच हटकतो. माणसांच्या बोलण्यात असा हटकणारा कोणी नाही. ऐकणारा सभ्यपणे मान डोलावतो आणि मनातल्या मनात एक पाऊल मागे सरकतो.

आपल्या बाबतीत हे जास्त घडते, त्याचे कारणही ऐतिहासिक आहे. इंग्रजी आपल्याकडे स्वयंपाकघरातून आली नाही, कचेरीच्या दारातून आली. १८३५ साली मेकॉलेच्या टिपणानंतर इंग्रजी शिक्षणाचे धोरण ठरले ते राज्यकारभाराला उपयोगी पडणारी माणसे घडावीत म्हणून. कंपनी सरकारला लिहायच्या अर्जांचा नमुनाच शाळेत पोचला. तापाने आजारी असल्याची रजाचिठ्ठी आम्ही 'आय बेग टू स्टेट' अशी सुरू करायला शिकलो. तापलेले पोर 'स्टेट' करत होते, आणि तेही 'बेग' करून! ह्या इंग्रजीने आम्हाला परीक्षा, मुलाखती आणि व्हिसा मिळवून दिला, तेव्हा तिला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण दुःख, भीती आणि माया ह्यांचे शब्द तिच्यात आम्हाला कोणी शिकवलेच नव्हते.

हे नुसते कानाला गोड लागण्यापुरते असते तर मी इतके लिहिले नसते. आई इकडे आली असताना तिला इथल्या एका इस्पितळात दाखवायला नेले. मी दुभाषा. 'आतून कसंतरीच होतंय, जीव घाबरा होतो,' असे ती म्हणाली. 'छातीत दुखतं का?' असे डॉक्टरांनी विचारले. ती म्हणाली, 'नाही.' ५ एप्रिल २०२१ पासून अमेरिकेत रुग्णाला स्वतःच्या नोंदी संगणकावर विनाविलंब, विनामूल्य वाचायला मिळाव्यात असा नियम लागू झाला आहे. त्यामुळे घरी आल्यावर मी तिला टिपण वाचून दाखवले. रुग्ण अस्वस्थतेची 'कंप्लेन' करते, छातीतले दुखणे 'डिनाय' करते.

आई म्हणाली, 'अरे, मी तक्रार कुठे केली? आणि नाकारलं कधी? त्यांनी विचारलं, मी नाही म्हटलं.'

डॉक्टरांच्या मनात तसे काही नव्हते, ती त्यांच्या धंद्याची ठरीव भाषा आहे. पण शब्द पाहा: 'कंप्लेन', 'डिनाय', 'ॲडमिट', 'क्लेम'. सारे न्यायालयातले. रुग्ण खाटेवर, शब्द मात्र आरोपीच्या पिंजऱ्यातले. आणि ते वाचणाऱ्या पुढच्या डॉक्टरावर शब्दांचा परिणाम होतो. २०१८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वैद्यकीय विद्यार्थी आणि शिकाऊ डॉक्टर ह्यांना सिकलसेलच्या एकाच काल्पनिक रुग्णाची दोन प्रकारे लिहिलेली टिपणे दिली. वैद्यकीय माहिती तीच, फक्त एकातली भाषा संशयाची आणि दोष देणारी होती. ती वाचलेल्यांचे रुग्णाबद्दलचे मत जास्त वाईट झाले आणि वेदना कमी करण्यासाठी त्यांनी सुचवलेले उपचारही सौम्य निघाले. 'सांगतो' आणि 'दावा करतो' ह्यांतल्या फरकाची किंमत अशी अंगावर मोजावी लागते.

तेव्हा आईवडिलांसाठी दुभाषेपण करताना मी एक पथ्य पाळतो. त्यांच्या घरगुती शब्दाला शक्यतो घरगुतीच शब्द द्यायचा. 'जीव घाबरा होतो' ह्याचे 'ॲन्ग्झायटी' असे निदान मी करत नाही. 'शी सेज शी फील्स अफ्रेड, ॲन्ड हर हार्ट इज पाउंडिंग' असे सांगतो आणि निदान डॉक्टरांवर सोपवतो. मुलांशी बोलतानाही तेच. 'यू शुड कम्युनिकेट युवर कन्सर्न्स' असे म्हटले की पोर खोलीचे दार लावून घेते. 'टेल मी' म्हटले तर निदान दार अर्धे उघडे राहण्याची आशा असते.

आणखी एक शब्द सांगून थांबतो, कारण अशा प्रसंगी आपल्यातली शिकलेली माणसेही अडखळतात. अमेरिकन शेजाऱ्याच्या घरी मृत्यू झाला की आपण 'वुई एक्स्प्रेस अवर प्रोफाउंड कन्डोलन्सेस' असे कार्ड लिहितो. 'सॉरी' हा शब्द आपल्याला उथळ वाटतो, कारण बसमध्ये पायावर पाय पडला तरी आपण तोच म्हणतो. पण 'सॉरी' हा इंग्रजीच्या सर्वांत जुन्या, घरच्या शब्दांपैकी आहे. 'सोअर', म्हणजे दुखरे, हे त्याचे मूळ. 'आय ॲम सॉरी' म्हणजे मुळात 'मलाही दुखते आहे'. शेजाऱ्याच्या दारात उभे राहून तेवढे म्हणावे, आणि बरोबर नेलेला डबा त्यांच्या हाती द्यावा.